देवीच्या कानातली तार

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कांदा-लसूण चालतो का तेही विचारलं नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या काखेतली दोन पुस्तकं पाहिली, आणि आत तोंड करून सांगितलं, "अवं, आर्गॉन आला आहे. चहा ठेव."

आतून काकूंनी विचारलं, "साखर किती घेते तो?"

आर्गॉन म्हणजे काय ते मला चहा पिताना कळलं. हा एक वायू. कोणाचं काही घेत नाही, कोणाला काही देत नाही, कोणात मिसळत नाही. त्याच्या बाहेरच्या पंगतीत आठ पाट असतात आणि आठही भरलेले. भाडेकरू म्हणून याहून चांगलं मूलद्रव्य मिळणार नाही, असं घरमालक काकांनी काकूंना पटवून दिलं, आणि मी काही बोलायच्या आत वरच्या मजल्याची किल्ली माझ्या बशीत ठेवली. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. गप्प राहणं हा माझा पेशाच आहे. पण पाहिल्यापाहिल्या इतकं नेमकं मला कोणी ओळखलं नव्हतं. रायपुरातल्या बुढापारा मोहल्ल्यातल्या त्या घरात मी अकरा वर्षं राहिले, अजून राहते आहे.

त्यांना जाऊन आता वर्ष उलटून गेलं. हे लिहायला घेतल्यापासून माझी दुसरी वही संपत आली. एखादं गंभीर वाक्य लिहिलं की ते मागून येऊन वाकून वाचतील आणि म्हणतील, मॅडम, यात प्लस कुठे आहे अन् मायनस कुठे आहे ते आधी सांगा.

काका जन्मभर एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल आणि नारळ मिळाला. शाल त्यांनी कपाटात ठेवली आणि नारळ खाऊन झाल्यावर करवंटीत मोरचूद विरघळवून ठेवलं. त्या निळ्या पाण्यात ते घरातले खिळे बुडवत आणि त्यांच्यावर तांबं चढलं की शेजाऱ्यांना वाटत. आमच्या गल्लीत कॅलेंडरं टांगायला बऱ्याच घरी अजून तांबडे खिळे आहेत.

गल्लीतल्या प्रत्येकाला त्यांनी प्रभार वाटून दिला होता. दूधवाला प्लस वन, कारण त्याच्याजवळ एक तरी बातमी जास्तीची असते आणि ती दिल्याशिवाय तो पुढच्या दारी जात नाही. कोपऱ्यावरचा स्कूटर मेकॅनिक लोखंड, कधी दोन देतो कधी तीन, काही भरवसा नाही. काकू ऑक्सिजन, कारण कोणतीही गोष्ट त्यांना दोनदा सांगावी लागे. आणि नागपूरची त्यांची मोठी बहीण, जिला सगळे ताई म्हणत, ती फ्लोरीन.

"फ्लोरीन कोणाचंही ओढते," ते मला समजावत. "समोर काच असली तरी तिले खाते."

"ननंदबाईले काही म्हणायचं तर तोंडावर म्हणा," काकू स्वयंपाकघरातून म्हणत.

"मी काहून म्हणू? मी काच आहे."

अणूचा आयन कसा होतो हे त्यांच्याकडून किमान शंभर लोकांनी ऐकलं असेल, आणि त्यातल्या नव्वद जणांनी विचारलेलं नव्हतं. सुरुवात बहुतेक जेवताना होई. कोणी मीठ मागितलं की हातातला घास ताटात परत ठेवून ते सरळ बसत. मीठ देण्याआधी ते सोडियम देत. सोडियमच्या मांडवात अकरा माणसं जेवायला आली आहेत. पहिल्या पंगतीत दोन, दुसरीत आठ, आणि अकरावा तिसऱ्या पंगतीत एकटाच बसला आहे. इतक्या लांब कोणी वाढायला येत नाही. शेजारच्या मांडवात क्लोरीनच्या बाहेरच्या पंगतीत आठ पाट मांडले आहेत आणि सात भरले आहेत. आठवा रिकामा. रिकामा पाट ठेवून जेवण सुरू कसं करणार, म्हणून तिथले लोक रस्त्याकडे डोळे लावून बसलेत. त्यांनी नुसतं 'या' म्हटलं की हा उठतो.

"आता मोजा," ते म्हणत. "सोडियमकडे वाढपी, म्हणजे प्रोटॉन, अकरा; जेवणारे, म्हणजे इलेक्ट्रॉन, दहा. म्हणजे प्लस वन. क्लोरीनकडे वाढपी सतरा, जेवणारे अठरा. मायनस वन. आता दोघेही शांत आहेत, अन् एकमेकाले सोडत नाहीत. याले म्हणते मीठ. घ्या."

तोवर वरण गार झालेलं असे.

कोणी सोडियमला उदार किंवा दानी म्हटलं की मात्र ते चिडत. दान-बिन काही नाही, ठेवणं जमत नाही म्हणून सोडतो, म्हणत. माणसांच्या गोष्टी अणूंना लावायच्या नाहीत असा त्यांचा कडक नियम होता. अणूंच्या गोष्टी माणसांना लावायला मात्र त्यांची काही हरकत नव्हती.

तलावाजवळच्या कार्यालयात एक लग्न होतं. आम्ही तिघे जेवायला गेलो. खुर्च्या-टेबलं होती तरी त्यांनी एका बाजूला मोजून पाहिलं, आणि आमच्या रांगेत आठातली एक खुर्ची रिकामी निघाली. वाढणाऱ्याला त्यांनी हात केला, थांब. मग बाहेर गेले आणि जो पहिला दिसला त्याला दंडाला धरून घेऊन आले. तो बँडमधला ट्रम्पेटवाला होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, मांडीवर ट्रम्पेट. तो नको नको म्हणत चार जिलब्या खाईपर्यंत तिकडे नवरी निघायची वेळ झाली, बँड सुरू झाला आणि ट्रम्पेटचा सूरच येत नाही म्हणून वरपक्षाची माणसं टेबलाखाली शोधू लागली. काकांनी समाधानानं पाणी प्यायलं. "क्लोरीन शांत झाला," म्हणाले. काकूंनी पुढचे तीन महिने कोणत्याही लग्नाला जायचं नाही असं ठरवलं, आणि दोनदा ठरवलं.

हे सगळं हसण्यावारी नेणारे काका एका बाबतीत मुळीच हसत नसत. प्लसच्या जागी मायनस आणि मायनसच्या जागी प्लस. ही चूक त्यांच्या हिशेबी चोरीच्या थोडी वर आणि खुनाच्या थोडी खाली होती. एकदा नवा रायपुरच्या मंत्रालयातले एक मोठे अधिकारी, त्यांचे जुने विद्यार्थी, गल्लीत गाडी मावत नाही म्हणून चौकात सोडून पायी पाया पडायला आले. काकांनी आशीर्वादासाठी उचललेला हात तसाच ठेवून विचारलं, "एनोड पर क्या होता है?"

साहेब गोंधळले. "अपचयन, सर."

अपचयन म्हणजे आपलं क्षपण, नेमकं उलटं. तोंडातून शब्द गेला आणि चेहऱ्यावरून कळलं की त्यांनाही कळलं. पण उशीर झाला होता. काकांनी त्यांना पायरीवर उभं केलं आणि एनोड पर ऑक्सीकरण, कैथोड पर अपचयन, हे दहा वेळा म्हणायला लावलं. वर दोरीवर माझ्या साड्या वाळत होत्या आणि त्यांचं पाणी साहेबांच्या खांद्यावर टपटपत होतं. साहेब म्हणत राहिले. जाताना मात्र मनापासून खूश दिसत होते. मंत्रालयात असं कोणी त्यांच्याशी वागत नसावं.

काका स्वतः कधी चुकले नाहीत, कारण ते आठवणीवर विसंबत नसत. कोणतीही बॅटरी, कोणताही सेल, कोणत्याही तारा हाती आल्या की आधी पेल्यात मीठपाणी घेत. दोन्ही तारांची टोकं त्यात सोडत. ज्या टोकाशी जास्त बुडबुडे, ती मायनस. टॉर्चमध्ये सेल घालतानाही हे करत. सेलवर लिहिलेलं असतं, मी एकदा म्हटलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा दयेनं पाहिलं की मी पुन्हा म्हटलं नाही. लिहिणारा माणूस असतो, बुडबुडा माणूस नसतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

आता महालक्ष्म्यांचं सांगते.

भाद्रपदात त्यांच्याकडे ज्येष्ठा आणि कनिष्ठा बसत. पितळी मुखवटे, वरून चांदीचं पाणी दिलेले, काकांच्या आईच्या वेळचे. काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. वर्षाकाठी तीन दिवस त्या दोघी घरात येत, थोरली आणि धाकटी, आणि त्यांना साड्या नेसवताना काकू त्यांच्याशी जे बोलत ते मी जिन्यातून ऐकलं आहे. सरळ उभी राहा. मान अशी काहून केली. गेल्या साली हाच रंग होता ना, मग घे, हिरवी घे. विसर्जनानंतर मुखवटे डब्यात ठेवले की दोन दिवस काकू स्वयंपाकात मीठ विसरत, आणि काका मागत नसत.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्याच्या आधीच्या भाद्रपदात ताई नागपूरहून आल्या होत्या. चांदी उडून दोन्ही चेहऱ्यांवर पिवळे डाग पडलेले त्यांनी पाहिले. जाताना दारात म्हणाल्या, "पुढच्या साली मी पाहायले येईन. देवीचे हे असे हाल असतील तर मी नागपूरले घेऊन जाईन. माझ्या घरी सुना आहेत, करणाऱ्या आहेत." महालक्ष्म्या मुलाच्या घरी राहतात, लेकीच्या घरी जात नाहीत, हा नियम ताईंना माहीत होता. पण नियम ताईंना लागू नसत. आणि त्या बोलल्या म्हणजे करत. काकू वर्षभर डबा उघडून उघडून बघत राहिल्या.

गोल बाजारात चांदीचं पाणी देणारे आहेत, त्यांना देऊ, असं काकूंचं मत. काका म्हणाले, ते लोक सायनाइडच्या पाण्यात बुडवतात, देवीच्या तोंडाले विष लावू काय. ते घरीच चढवणार होते, फोटो धुण्याचा हायपो आणि चांदीचा क्षार यांच्या पाण्यात. पंधरा दिवस सराव चालला. दाराची कडी चांदीची झाली, देवघरातली घंटा झाली, माझी केसांची पितळी पिन झाली. कुकरच्या शिट्टीवर त्यांचा डोळा होता, ती काकूंनी पदरात बांधून ठेवली.

देव्या यायच्या आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, काकू देवळात गेल्या असताना, त्यांनी धाकटीचं काम केलं. धाकटी अशी निघाली की काकूंनी आल्यावर तिची दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी थोरली. ताईंची गाडी चारला येणार होती.

सकाळी नऊला मागच्या अंगणात काकूंची लोणच्याची मोठी काचेची बरणी मांडली, शेजारी सेलची बॅटरी, तिच्या एक काळी, एक लाल अशा दोन तारा. आधी पेल्यात मीठपाणी, बुडबुडे, सगळं रीतीनं. मग थोरली बरणीत सोडली, तिच्या कानाच्या भोकात काळ्या तारेचा चिमटा. समोर लाल तारेला चांदीचा करगोटा, काकांच्या बारशाला आईनं घातलेला. करगोट्यातली चांदी पाण्यात उतरून देवीच्या चेहऱ्यावर जाणार होती. मला रजा होती. "आर्गॉन मॅडम, तुम्ही बसा इथं. तुम्ही कशाले हात लावणार नाही, म्हणून तुम्हीच बसा," असं म्हणून काका केवडा आणि केळीची पानं आणायला गोल बाजारात गेले.

दहा मिनिटांनी काकू आल्या. हात कोपरापर्यंत देवीवर टांगायच्या फुलोऱ्याच्या पिठात. बरणीत वाकून पाहिलं आणि एकदम मागे सरल्या.

"काळी तार कोणी लावली देवीले?"

मी म्हटलं, काकांनीच. मंगळसूत्रातही काळे मणी असतातच की.

"ते गळ्यात. तोंडाले काळं लावते काय कोणी? सणाच्या तोंडावर?" त्या अगदी हळू बोलत होत्या. "माझे हात भरले आहेत, बेटा. तू लाल लाव तिले. तारच तर आहे, इकडची तिकडे."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर ताईंची चारची गाडी होती. मी उठले आणि इकडची तिकडे केली. देवीच्या कानात लाल, करगोट्याला काळी. इतकी वर्षं जेवणाच्या प्रत्येक घासाला प्लस आणि मायनस ऐकलेली बाई मी. पण खरं सांगते, त्या क्षणी मला फक्त एवढंच वाटलं की लाल जास्त शोभते.

काका साडेअकराला आले. केवडा बाजूला ठेवला, बरणीत पाहिलं, चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा पाहिलं. थोरलीचं तोंड पिवळं पडलं होतं. नाकाच्या शेंड्याला तर लालसर झालं होतं. करगोटा मात्र चांगला बाळसेदार दिसत होता, पांढरा, भुरभुरीत, दुपटीनं जाड. काका तारांकडे बघत बराच वेळ उभे राहिले. काकू दारात आल्या होत्या. मी तोंड उघडलं.

"तार उलटी लागली," काका म्हणाले. मग जरा थांबून, "माझ्यानं लागली."

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पिठाच्या हातांकडे पाहिलं. मी उघडलेलं तोंड मिटलं.

तोवर काका कपाटात डोकं घालून दुसरं पाणी करायच्या बाटल्या काढत होते. पहिल्या पाण्यात पितळ उतरलं होतं, ते आता चालणार नव्हतं. साडेचार तास होते. घाबरायचं काही नाही, ते आतून सांगत होते, चांदी कुठे जात नाही, इथून उठली अन् तिथं बसली. आणि मग कशी बसली हे दाखवायचा मोह त्यांना आवरला नाही. घर बुडायला आलं तरी त्यांना तो आवरला नसता. काकूंच्या परातीतली पिठाची गोळी घेऊन ते बाहेर आले. तुळशीपाशी उभे राहून म्हणाले की मी थोरलीच्या गालावरचा चांदीचा अणू आहे. "ही गोळी माझा इलेक्ट्रॉन. प्लसच्या तारेनं ती ओढून घेतली, असं समजा." गोळी त्यांनी माझ्या हातात दिली. "आता मी चांदी नाही, चांदीचा आयन. दिसत नाही, पण आहे." मग दोन्ही हात पसरून, सत्तरी ओलांडलेला तो माणूस अंगणात पोहत निघाला. तुळशीपासून नळापर्यंत. "तुम्ही तारेतून या, मॅडम, पाण्यातून नाही, भिंतीकडून." मी गोळी घेऊन भिंतीकडून धावले. नळाशी ते हात पुढे करून उभे होते. गोळी घेतली आणि नळावर बसले. "झालो चांदी. बसलो करगोट्यावर."

काकू दारातून म्हणाल्या, "ते पीठ ठेवा अन् तार लावा."

आणि मग त्या हसायला लागल्या. पीठ लागलेला हात तोंडावर धरून हसल्या, त्यामुळे तोंड पांढरं झालं, ते पाहून काका हसले, आणि मग मीही. ताईंची गाडी एव्हाना नागपूरहून निघाली असेल आणि आम्ही तिघे अंगणात बसून हसत होतो.

नवं पाणी तयार झालं. या वेळी तारा लावताना काकांनी काकूंना केवड्याला पाणी शिंपडायला आत पाठवलं. लावून झाल्यावर बरणीवर एक लाल खण पांघरला. धूळ बसू नये म्हणून, असं म्हणाले. साडेतीनला थोरली बाहेर आली ती चुना लावल्यासारखी. मग आम्ही तिघांनी खडूची भुकटी घेऊन तिला घासलं, एकानं गाल, एकानं कपाळ, एकानं हनुवटी. ताईंची रिक्षा गल्लीत शिरली तेव्हा फक्त नाक राहिलं होतं.

ताई आल्या, पाय धुतले, चहाही न घेता देवघरात गेल्या. दोघी पाटावर होत्या. धाकटी चकचकीत, थोरली शांत, दुधासारखी. ताईंनी एकीला उचललं, उजेडाकडे नेलं, मग दुसरीला. काकू उंबऱ्याच्या आतही नव्हत्या आणि बाहेरही नव्हत्या.

"चांगल्या झाल्या," ताई म्हणाल्या, जरा नाइलाजानं. मग त्यांची नजर अंगणातल्या दोरीवर गेली. तिथं करगोटा वाळत होता. मधे मधे दोऱ्याइतका बारीक झालेला.

"हा तुझा करगोटा नोहे काय? आईनं घातलेला? असा काहून झाला?"

काका काहीही बोलू शकले असते. जुना झाला म्हणू शकले असते. ते म्हणाले, "ताई, माझ्यानं तार उलटी लागली. आधी देवीच्या तोंडाची चांदी करगोट्यावर आली. मग पलटवली, तर तिची अन् करगोट्याची मिळून परत तिच्या तोंडावर गेली."

"म्हणजे देवीच्या तोंडावर तुझा करगोटा आहे?"

"हव. थोडा."

"अन् तो निवडून काढता येत नाही?"

"आयन झाल्यावर कोणाचं नाव राहत नाही, ताई."

ताई थोरलीला मांडीवर घेऊन बसल्या. त्या लहान असताना त्यांच्या मांडीवर हा भाऊ खेळला असणार, कमरेला तोच करगोटा असणार, हे माझ्या तेव्हा मनात आलं नाही, आता येतं.

"पोट्ट्या," शेवटी त्या म्हणाल्या, "आता मी हिले कशी नेऊ? भावाच्या कमरेचा करगोटा कोणी सोडून नेते काय? आईनं बांधलेला?" मुखवटा त्यांनी पाटावर ठेवला आणि स्वयंपाकघराकडे वळून काकूंना म्हणाल्या, "तुझ्याजवळच राहू दे. याच्या तारा मात्र तू पाहत जा. याले समजत नाही."

काकूंनी मान हलवली. काकांनीही हलवली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना प्लस-मायनस समजत नाही म्हणालं होतं, आणि ते 'हव' म्हणाले.

त्या दिवसानंतर त्यांनी मला आर्गॉन म्हणणं सोडलं. मला ते काही दिवस लक्षातच आलं नाही. मग एकदा चहा पिताना म्हणाले, "मॅडम, मी तुम्हाले चुकीच्या घरात ठेवलं होतं. तुम्ही तांबं आहात. तांबं दिसते शांत, पण कधी एक देते, कधी दोन, अन् केव्हा देईन सांगता येत नाही." मी कपातच बघत राहिले. सांगून टाकावं असं वाटलं. पण सांगायचं तर काकूंचं नाव घ्यावं लागणार होतं. ते बिस्किट बुडवून खात होते आणि कसलीच वाट बघत नव्हते.

गेल्या श्रावणात ते गेले. दोनच दिवस आजारी होते. दवाखान्यात सलाइन लावायला आलेल्या नर्सला त्यांनी बाटलीत काय काय आहे ते विचारलं, आणि तिनं नमक का पानी म्हटल्यावर तिला पूर्ण पंगत ऐकवली. ती ऐकत उभी राहिली. तिच्या दोन पेशंटांनी बेल वाजवली तरी उभी राहिली.

गेल्या वर्षी महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यंदा बसणार. काकूंनी परवा डबा उघडला तर दोघींच्या गालांवर पुन्हा पिवळं दिसू लागलं होतं. ताईंचं आता प्रवास करण्याचं वय राहिलं नाही. त्यांनी नागपूरहून कोणाच्या तरी हाती आपले लहानपणीचे चांदीचे वाळे पाठवले आणि फोनवर सांगितलं की करगोटा संपला असेल, आता हे लाव, माझंही थोडं जाऊ दे तिच्या तोंडावर.

काकूंनी मला खाली बोलावलं. पाणी कसं करायचं ते काकांनी मला दोनदा शिकवलं होतं. बरणी धुतली. मग कपाटातून त्यांची तारांची पेटी काढली आणि उघडली.

आत बॅटरी होती आणि तिला जोडलेल्या दोन तारा. दोन्ही लाल. टोकापासून टोकापर्यंत देवाच्या लाल नाड्यानं गुंडाळलेल्या, अगदी दाट, एकाला एक लागून वेढे. चिमट्यांना नखांचं लाल पॉलिश. काळं कुठेच दिसत नव्हतं. त्यांनी हे केव्हा केलं ते आम्हा दोघींना माहीत नाही. त्या साली चढवलेली चांदी टिकली होती, त्यामुळे त्यानंतर ही पेटी आम्हा दोघींपैकी कोणी उघडलीच नव्हती.

आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो. तारेवरून बोट फिरवत काकू म्हणाल्या, "तू सांगितलं होतं त्यांले?"

"नाही," मी म्हटलं. "मला वाटलं तुम्ही सांगितलं असेल."

"मी काहून सांगू?" आणि मग, "मी तर मनातल्या मनात तुलेच दोष देऊन राहिली होती, की पोरीनं सांगून टाकलं."

टॉर्चच्या सेलसाठीसुद्धा मीठपाणी करणारा माणूस. तार उलटी त्याच्याकडून लागणार नाही, हे सगळ्या जगात एकाच माणसाला पक्कं माहीत होतं.

आता अडचण अशी की दोन्ही लाल, तर मायनस कोणती. मी एका तारेचा नाडा थोडा उलगडून बघू लागले, तशी काकूंनी माझा हात धरला. नको, देवीपाशी काळं नको, म्हणाल्या. त्यांनी बांधलेलं आहे, नको सोडू.

मग त्या उठल्या, पेला आणला, पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकून बोटानं ढवळलं. मी बॅटरीत नवे सेल घालून दोन्ही टोकं पाण्यात सोडली. आम्ही दोघी डोकं लावून पेल्यात बघत बसलो. आधी काही झालं नाही. मग एका टोकाशी दोन-चार बुडबुडे. मग दुसऱ्या टोकाशी बारीक, दाट, एकसारखे, थांबतच नाहीत असे.

"हे," काकू म्हणाल्या. "हे देवीचं."

मी ते टोक बाजूला धरलं. काकू मात्र पेल्यातच बघत होत्या.

"पुन्हा टाक एकदा," म्हणाल्या. "दोनदा पाहू."